वरातीच्या गाडीचे ब्रेक

आमच्या गल्लीतल्या प्राध्यापकांनी परवा गाडीला सिरॅमिकचे ब्रेकपॅड बसवले. बसवण्याआधी मला विचारायला आले, कारण मी उभी हयात अकोल्यात ब्रेकच्या कामात घालवली हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आवाज करत नाहीत, चाकावर काळी धूळ बसत नाही, दुकानदार म्हणतो साहेब हेच घ्या, तर घेऊ का? मी विचारलं, "गाडी कुठं कुठं जाते?" ते हसले. म्हणाले, गाडी कुठं जाते याचा पॅडशी काय संबंध? कॉलेज, भाजीबाजार आणि सासुरवाडी. मी म्हटलं, मग खुशाल घ्या. सासुरवाडी कोणत्या गावी आहे ते मात्र विचारून घेतलं. मूर्तिजापूर म्हणाले. रस्ता सपाट आहे.

हा किस्सा संपादकांच्या कानावर गेला आणि त्यांनी दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं. ब्रेक कसे निवडावेत यावर लिहा, लोकांच्या उपयोगी पडेल, असं त्यांचं म्हणणं. उपयोगाचं आहे ते आधी सांगून टाकतो. त्यानंतर मला जे सांगायचं आहे ते आता कुणाच्याच उपयोगाचं नाही, पण ते सांगितल्याशिवाय हा लेख मी देणार नाही.

आमच्या काळी पॅड नव्हते. चाकाच्या आत लोखंडी ड्रम असायचा, ड्रमच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन ब्रेकशू, आणि प्रत्येक शूवर रिव्हेट मारून बसवलेला एक पट्टा. त्याला आम्ही लायनर म्हणायचो. पायाने ब्रेक दाबला की शू फाकतात, लायनर ड्रमला घासतो आणि गाडी थांबते. म्हणजे गाडीतल्या माणसांचा जीव त्या बोटभर जाडीच्याही नसलेल्या पट्ट्यावर असतो. गाडीच्या गाद्यांना कोणत्या रंगाचं कापड लावायचं यावर मालक तासभर बोलायचे, पण लायनरबद्दल विचारणारे चार-दोनच भेटले.

लायनर दोन जातींचे येत. एक कापडी, म्हणजे विणलेला. त्यात सूत असे, अ‍ॅस्बेस्टॉसचा धागा असे, मधून पितळेची बारीक तार असे. तो मऊ, ड्रमला गोड लागायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही. पण तापला की त्याची पकड सुटायची. दुसरा कडक, साच्यात दाबून केलेला. तो तापला तरी दम धरायचा, पण हळू चालीत किंचाळायचा आणि ड्रमही खायचा. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला कापडी चालतो, घाट उतरणाऱ्या गाडीला कडकच लागतो. एवढीच ती विद्या. बाकीचं सगळं हाताचं काम: रिव्हेट लायनरच्या आत बुडाले पाहिजेत, टोकांना कानस मारली पाहिजे, ड्रमला आतून खडू फासून शू फिरवला की कुठं टेकतो आणि कुठं नाही ते दिसतं. जुन्या लायनरची धूळ आम्ही तोंडाने फुंकून काढायचो. त्या धुळीचं पुढं काय झालं ते माझा डॉक्टर सांगेल.

मी काम शिकलो अमरावतीला, एका म्हाताऱ्या उस्तादांकडे. ते म्हणायचे, "मालिक से मत पूछ. जो पैडल दबाता है उससे पूछ." गाडी कुठं जायला पाहिजे ते मालकाला माहीत असतं, ती खरोखर कुठं जाते ते ड्रायव्हरला. हा धडा मी गिरवला आणि त्यावर नाव कमावलं. जठारपेठेत टिनाचं शेड टाकलं तेव्हा माझ्याकडे एक जॅक आणि दोन कानशी होत्या. चार-पाच वर्षांत जिनिंगवाल्यांच्या, डॉक्टरांच्या, वकिलांच्या गाड्या ब्रेकसाठी दुसरीकडे जाईनाशा झाल्या.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. अमरावतीच्या एका वकीलसाहेबांना ब्रेकचा आवाज सहन होत नसे. त्यांच्या ड्रायव्हरने अक्कल चालवली आणि ड्रममध्ये एरंडेल सोडलं. आवाज गेला. त्याबरोबर ब्रेकही गेला, आणि गाडी कोर्टासमोरच्या पानठेल्यात शिरून कातचुन्याने रंगून थांबली. वकीलसाहेब पानठेलेवाल्यावरच केस करायला निघाले होते, ठेला रस्त्यात होता म्हणून. तेल्हाऱ्याचे एक पाटील दर पावसाळ्यात यायचे. त्यांच्या जीपच्या ड्रममध्ये काळी माती शिरून वाळायची आणि ती मी छिन्नीने फोडून काढायचो. ते उभे राहून म्हणायचे, "मिस्त्री, माती काढून राह्यला का वावर वाहून राह्यला?" असे दिवस होते. मीही तेव्हा हसायचो, आणि ब्रेकमधलं आपल्याला न समजणारं काही राहिलं नाही असं समजायचो.

आता भाऊसाहेबांच्या गाडीचं सांगतो. भाऊसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. जिनिंगचे मालक, दोनशे एकरांचे धनी. अकोल्यातल्या निम्म्या बड्या गाड्या माझ्याकडे त्यांच्या शब्दावर येत होत्या. त्यांची काळी विलायती गाडी होती आणि ती चालवायला सुखदेव नावाचा ड्रायव्हर होता.

सुखदेव चांदूर बाजाराकडचा. त्याच्या घरच्यांनी धम्मदीक्षा घेतली त्याला तेव्हा दोन-अडीच वर्षं झाली असतील. त्याच्यासारखा पाय मी दुसऱ्या ड्रायव्हरचा पाहिला नाही. तो ब्रेक दाबायचा नाही, नुसता टेकवायचा, आणि गिअर उतरवून गाडी आवरायचा. इतरांचे लायनर जिथं वर्षात संपायचे तिथं त्याचे दोन वर्षं जायचे. त्या उन्हाळ्यात तो फार खुशीत होता. सरकारी जीपवर ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव लागलं होतं. स्वच्छ लायसन आणि मालकाची वर्तणुकीची चिठ्ठी, एवढंच द्यायचं राहिलं होतं. "मिस्त्री," तो मला म्हणाला, "पावसाळ्यात मी खाकी कपड्यात दिसीन तुमाले. आमच्या घरातली पयली सरकारी नोकरी हाय ही. बुढा बाप तं आत्ताच गावभर सांगून राह्यला."

त्याच उन्हाळ्यात भाऊसाहेबांच्या मुलाचं लग्न निघालं. मला घरी बोलावणं आलं. मी गेलो तेव्हा ओसरीवर पत्रिकांचे गठ्ठे पडले होते, आत बायका पापड वाळत घालत होत्या. भाऊसाहेब खुर्चीवर बसून पत्रिकांना कुंकू लावत होते.

"मिस्त्री, मागच्या साली पुतण्याच्या वरातीत ही गाडी कशी वरडत होती, तुले माईत हाय?"

माहीत होतं. वरात म्हणजे गाडी बँडच्या मागे पावलापावलाने चालणार, दर दहा हातांवर थांबणार. कडक लायनर त्या चालीत किंचाळतोच. लोक नवरदेवाला बघायचं सोडून गाडीला हसले होते.

"भाऊसाहेब, कडक लायनर हाय म्हून वरडते. पण तोच चांगला."

"मले तुह्या लायनरचं कीर्तन नाई आयकाचं. चार दिवस त्याचं तोंड बंद कर."

"कापडी टाकून देतो जी. पण मंग गाडी गावातल्या गावातच चालवा. लग्न झालं का पाठवा, जुने बसवून देतो."

"हो हो," ते म्हणाले आणि पुढच्या पत्रिकेला कुंकू लावलं.

इथं माझी जीभ अडकली. मी याच मुलखातला, शेतकऱ्याच्या घरचा. लग्न झाल्यावर हळद उतरायच्या आत नवरानवरीला देवीच्या पायावर घालतात हे मला माहीत होतं. भाऊसाहेबांच्या घराण्याची देवी चिखलदऱ्यावर आहे हे सगळ्या अकोल्याला माहीत होतं. म्हणजे ही गाडी घाट चढणार होती आणि मुख्य म्हणजे उतरणार होती. 'देवीला या गाडीनं जाऊ नका' एवढं बोलायचं होतं. पण लग्नघरी, पत्रिकांना कुंकू लागत असताना, देवीला जाऊ नका असं कोण म्हणतो? घरातल्या म्हातारीच्या कानावर गेलं असतं तर तिने माझ्या नावाने बोटं मोडली असती. लग्नात तोंडातून अभद्र काढायचं नाही, हे आम्हाला लहानपणापासून पढवलेलं. मी ते गिळलं. मनाशी म्हटलं, एवढी पाहुणेमंडळी आहे, एखादी मोटार भाड्याने करतील. स्वतःची समजूत घालायला माणसाला फार वेळ लागत नाही.

गाडी माझ्या शेडमध्ये आली. अर्धं आयुष्य शिल्लक असलेले कडक लायनर लावलेले शू काढून फळीवर ठेवले आणि दुसऱ्या शूंवर कापडी लायनर मारून बसवले. संध्याकाळी सुखदेव गाडी न्यायला आला. स्टेशनावर पाहुणे यायचे होते, तो घाईत होता. शेडसमोर एक फेरी मारून परत आला आणि खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "मिस्त्री, काय मस्त केला हो ब्रेक! लोण्यावानी लागते." मी हात पुसत हसलो. मालकाला विचारू नकोस, पायडल दाबणाऱ्याला विचार, हे उस्तादांचं वाक्य मी दुसऱ्यांना ऐकवायचो. त्या दिवशी पायडल दाबणारा समोर उभा असताना मी त्याला काही विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. मालकाशी बोलणं झालं होतं, ड्रायव्हरला कशाला सांगायचं, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर कामाची तारीफ ऐकून बरं वाटलं होतं.

वरात झोकात झाली. गाडीने एकदाही आवाज केला नाही. भाऊसाहेबांनी चार लोकांत माझं नाव घेतलं.

तिसऱ्या दिवशी गाडी चिखलदऱ्याला गेली. आत नवरानवरी, नवरदेवाची आई आणि एक आत्या. चढताना काही झालं नाही. उतरताना काही वळणांनंतर ब्रेक पोकळ लागायला लागला, आणि मग लागेचना. सुखदेवने गाडी खालच्या गिअरमध्ये ओढली, हँडब्रेक खेचला, तरी ती धावतच होती. एका बाजूला दरी. त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली आणि एका सागाच्या झाडावर घातली. नवरदेवाचा पाय दोन ठिकाणी मोडला. बायकांना मुका मार लागला. सुखदेवचं उजवं मनगट मोडलं. पाचही जण जिवंत राहिले ते त्याच्या हुशारीने. हे आज मी लिहितो आहे. तेव्हा कुणीही म्हटलं नाही.

तेव्हा दोन दिवसांत वेगळीच गोष्ट अकोल्यात पसरली. ड्रायव्हरने घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती. पेट्रोल वाचवून विकायचं म्हणून काही ड्रायव्हर उतारावर तसं करायचे, हे खरं आहे. सुखदेव तसा नव्हता हे मला त्याच्या लायनरवरून माहीत होतं. पण आपल्याच गाडीने आपल्याच मुलाचा पाय मोडला, तोही वरातीत आवाज नको या हट्टापायी, हे भाऊसाहेबांना स्वतःला कसं सांगता येणार? त्यापेक्षा ड्रायव्हर चोर, हे सोपं होतं.

ट्रकला बांधून गाडी माझ्याच शेडमध्ये आणली. मी चाकं काढली. कापडी लायनर जळून कोळसा झाला होता, सूत जळाल्याचा वास अजून येत होता. ड्रमला आतून निळी झाक आली होती, लोखंड फार तापलं की येते तशी. मी ते बघत बसलो होतो तेवढ्यात भाऊसाहेब आले. त्यांनी लायनर पाहिला. त्यांना कळलं.

मग म्हणाले, "लग्न झालं का जुने बसवून देतो म्हनला होता ना?"

"हो जी."

"मंग दे बसवून. उद्या मोटारीचे साहेब पाहाले येऊन राह्यले."

"भाऊसाहेब, सुखदेवचं लायसन..."

"त्याचं काय? या लोकायले सरकारी नोकऱ्या पाह्यजेत, अन् हातात स्टेरिंग धरता येत नाई. तू तुह्या धंद्याचं पाह्य. कापडी तूच टाकला ना?"

तूच टाकला ना. त्यानंतर मी काही बोललो नाही. लोक मला विचारतील की तुम्ही घाबरलात का. घाबरलो. माझं शेड, माझी गिऱ्हाइकं, माझी अब्रू, सगळं त्या एका वाक्यात होतं. पण नुसतं तेवढंच नव्हतं, हेही लिहितो. सुखदेव आमच्यापैकी असता, माझ्या भावकीतला, माझ्या गावच्या पाटलाचा पोरगा असता, तर मी निदान रात्रभर तळमळलो असतो. मी तळमळलो नाही. मी फळीवरचे जुने शू काढले आणि बसवले. ड्रमची निळी झाक काचपेपरने घासून काढली. काम नेहमीसारखंच सफाईने केलं.

दुसऱ्या दिवशी मोटार-निरीक्षक आले. ड्रम उघडून बघितले. लायनर अर्ध्याहून जास्त शिल्लक, कडक, चांगले. मला विचारलं, "ब्रेक ठीक होते?"

"ठीक होते."

त्यांनी लिहिलं आणि मी खाली सही केली. सुखदेव हाताला प्लास्टर घालून शेडच्या बाहेर निंबाखाली उभा होता. त्याला आत कुणी बोलावलं नाही. साहेब निघून गेल्यावर मी बाहेर आलो तेव्हा तो गेला होता.

त्याचं लायसन गेलं. चिठ्ठी मिळाली नाही. सरकारी जीपवर दुसरा कुणी लागला. माझ्या शेडला पुढच्या वर्षी पक्क्या भिंती झाल्या.

सात वर्षांनी मी चांदूर बाजारला गेलो होतो, एका व्यापाऱ्याच्या ट्रकचे ब्रेक बघायला. धान्याच्या बाजारात एक माणूस खाली बसून दाभणाने पोती शिवत होता. त्याचं उजवं मनगट वाकडं होतं म्हणून माझं लक्ष गेलं. त्यानेच आधी ओळखलं.

"अरे, मिस्त्री! कावून आले इकडं?"

तोंड चुकवायला जागा नव्हती. तो मला घरी घेऊन गेला. दोन खोल्या, शेणाने सारवलेल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर. त्याच्या बायकोने, शेवंताबाईंनी, चहा ठेवला. आमच्या घरचं त्या काळी कुणी तिथं पाणीही प्यालं नसतं. मी चहा प्यालो. आपण काहीतरी मोठं केलं असं क्षणभर वाटलं आणि लगेच स्वतःची किळस आली. कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. कापडी लायनर, लग्नघरची ओसरी, देवी, फळीवरचे शू, काचपेपर.

सुखदेव ऐकत राहिला. शेवंताबाई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"मले माईत हाय," तो म्हणाला. "घाटातच सूत जयल्याचा वास आला होता. तवाच समजलं का लायनर बदलला."

"मंग साहेबाले सांगतलं कावून नाई?"

"सांगतलं ना. दवाखान्यात बयान घ्याले आले होते तवा सांगतलं. साहेब म्हने, तुह्या बोलन्याले साक्षी कोन? म्या म्हटलं, मिस्त्रीले इचारा. तो मानूस खोटं नाई बोलनार. तुमचं नाव मीच देलं होतं."

निरीक्षक माझ्याकडे का आले, हे सात वर्षं मी स्वतःला विचारलंच नव्हतं. गाडी माझ्या शेडमध्ये होती म्हणून, असं धरून चाललो होतो.

मी म्हटलं, मी आता जातो, साहेबांपुढे उभा राहतो, जे झालं ते सांगतो. सुखदेव हसला. रागाने नाही, एखादा पोरकटपणा बघून हसावं तसा. "आता काय करता मिस्त्री? माहं वय निंगून गेलं नोकरीचं. हात असा हाय. लायसन भेटलं तरी गाडी कोन देईन?"

"मंग मी काय करू?"

तो उठला. कोनाड्यातून एक वही घेतली, मागचं कोरं पान फाडलं आणि पेन्सिलीसकट माझ्यापुढे ठेवलं.

"आत्ता जे बोलले ते लिवून द्या. सही करा."

"कोनाले दाखवाले?"

त्याने चुलीकडे पाहिलं. आवाज खाली केला, पण खोली एवढीशी, ऐकू जाणारच. "हिले. सात वर्सं झाले, हिले वाटते म्या पेट्रोल चोरलं. म्या लय सांगतलं. ही म्हनते, साहेबाच्या कागदावर मिस्त्रीची सही हाय, कागद कसा खोटा राहीन? त्या कागदाले कागदच पाह्यजे."

मी लिहिलं. लायनर मी बदलला होता, ड्रायव्हरला सांगितलं नव्हतं, चौकशीआधी जुने परत बसवले, गाडी न्यूट्रलमध्ये नव्हती, ब्रेक माझ्यामुळे गेला. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. पाच ओळी झाल्या. शेवंताबाई चौथी शिकलेल्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले, कागद घेतला आणि दाराच्या उजेडात उभ्या राहून एकेका शब्दावर बोट ठेवत वाचला. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वाचला. सुखदेव त्यांच्याकडे बघत होता.

मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या पाच ओळी लिवाले तुमाले सात वर्सं लागले?"